दोन वाजून सतरा

१

माझ्या कामाचे स्वरूप आधी सांगते. त्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. मी एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तळहाताएवढ्या संगणक-बोर्डांवर युनिक्सच्या कुळातली लहानशी कार्यप्रणाली बसवायची, तिच्यातून अनावश्यक ते सारे काढून टाकायचे आणि उरलेले इतके चोख करायचे की बोर्ड एखाद्या भिंतीवर वर्षभर कुणाचा हात न लागता चालत राहील, हा माझ्या प्रबंधाचा विषय. असे बारा बोर्ड भिवापूरला मिरची वाळवण्याच्या आवारांत लावायचे ठरले होते. हवेतला ओलावा मोजायचा, नोंदवायचा आणि तो वाढला तर राखणदाराला कळवायचे, इतकेच त्यांचे काम.

या स्वस्त बोर्डांत एक उणीव असते. त्यांना स्वतःचे घड्याळ नसते. वीज गेली की ते वेळ विसरतात. त्यावर एक साधी तोड आहे. अधूनमधून, आणि बंद होताना, त्या क्षणाची वेळ कार्डावरच्या एका फाइलीत लिहून ठेवायची. पुन्हा सुरू झाल्यावर तीच वाचायची आणि तिथून पुढे मोजू लागायचे. नंतर नेटवर्क मिळाले की खरी वेळ कळते आणि बोर्ड एका उडीत आजच्या दिवसात येतो. नेटवर्क मिळालेच नाही, तर तो जिथे थांबला होता तिथेच असतो. मधले दिवस त्याच्यापुरते झालेलेच नसतात. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हे वाक्य मी असेच लिहिले आहे. लिहिताना त्यात वावगे काही वाटले नव्हते.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, नवतपा, म्हणजे उन्हाच्या कहराचे नऊ दिवस, लागलेला. प्रयोगशाळेत मी आणि सौरव असे दोघेच होतो. सौरव माझ्याच वर्गातला. खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्या की त्याचा आवाज चढायचा. मग दोघांपैकी एकाने उठून टाकीत बादलीभर पाणी ओतायचे. त्या दिवशी दुपारी मी सगळ्या बोर्डांच्या नेटवर्कच्या वायरी काढल्या, कारण निम्म्या आवारांत नेटवर्क पोचत नाही. मग एकेक बोर्ड सुरू करून पडद्यावर त्याची वेळ पाहू लागले.

अकरा नव्या बोर्डांनी कार्यप्रणाली तयार झाली त्या दिवसाची तारीख दाखवली. बाराव्याने दाखवली २३ एप्रिल, दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटे.

सौरव माझ्या खांद्यावरून डोकावला. "हा त अजून एप्रिलमध्येच आहे न. सांग त्याले, परीक्षा झाल्या म्हणा."

मी तारीख पुन्हा वाचली. मग त्याच्याही लक्षात आले. २३ एप्रिलला संध्याकाळी बाबांना नेले तेव्हा तो माझ्यासोबत घाटावर आला होता.

"सॉरी. ध्यानात नाही आलं मिनल."

"असू दे."

तो बादली घेऊन बाहेर गेला. मी पडद्याकडेच पाहत राहिले. बोर्डाला पडद्याची आणि विजेची वायर सोडून काहीही जोडलेले नव्हते. दोन वाजून एकोणीस मिनिटांनी, म्हणजे त्याच्या दोन एकोणीसला, नोंदींमध्ये एक नवी ओळ उमटली.

१४:१९:०८. दाब: २.

२

तो बोर्ड मी मार्चमध्ये विभागातून घरी नेला होता आणि मेमध्ये कार्ड न पुसता परत आणला होता. घर म्हणजे शहरात, धंतोलीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. बाबांना लकवा झाल्यावर इस्पितळाजवळ असावे म्हणून घेतलेल्या. त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. आईला आतबाहेर करावे लागे आणि मी बाहेरच्या खोलीत प्रबंधाचे काम करीत असे. त्यांनी हाक कशी मारायची, हा प्रश्न होता.

मी एका लाकडी ठोकळ्यावर दारावरच्या घंटीचे बटण बसवले आणि त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा. ठोकळा त्यांच्या डाव्या हाताशी, बोर्ड माझ्या टेबलावर आणि दोहोंमध्ये चार तारांची एक केबल. त्यांनी बटण दाबले की माझ्याकडे आवाज व्हायचा आणि नोंद व्हायची. माझ्याकडे एक उलटे बटण होते. ते दाबले की त्यांच्या ठोकळ्यावरचा हिरवा दिवा लागायचा. त्या दिव्याचा अर्थ एकच होता. ऐकले, आले.

एकदा दाबले तर पाणी. दोनदा दाबले तर ये. हे 'दोनदा' बाबांनीच ठरवले. मी बोटांनी आकडे दाखवत होते, तर त्यांनी दोन बोटे धरून ठेवली आणि आईकडे पाहिले. आई हसली होती.

"बांधावर उभी राहून थाळी वाजवत होती ना मी," ती मला म्हणाली. "जेवण आणलं का दोनदा वाजवायची. ते वावरात तिकडे पल्याड. हात वर करत. आलो म्हणून."

तीनदाचा अर्थ कुणी ठरवला नव्हता. एका दुपारी आई झोपली असताना तीन दाब आले. मी धावत गेले. बाबांनी अर्ध्या चेहऱ्याने हसून डावा हात हलवला. काही नाही, असंच. त्यानंतर हे रोजचे झाले. तीन दाब यायचे, मी दिवा लावायची, पुन्हा कामाला लागायची. आत कुणी उठायचे नाही, बाहेर कुणी उठायचे नाही. आईला हे मी कधी सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

बाबा भिवापूरला, आमच्या गावी, असताना वावरातून घरी येत, तेव्हा दाराशी पायरीवर चपला आपटून माती झटकत. तो आवाज आला की आई चुलीपासून न वळता पदर डोक्यावर घ्यायची. आजी जाऊन वीस वर्षे झाली, तरी तिच्या धाकाची ती सवय आईच्या हातातून गेली नव्हती. लकव्यानंतर बाबा कुठल्याच दारातून आले नाहीत. मग ती सवयही थांबली.

२३ एप्रिलला आई औषधे आणायला खाली गेली होती. त्या आठवड्यात वीज दोनदा अचानक जाऊन बोर्डाच्या कार्डावरच्या फाइली खराब झाल्या होत्या. यावर ठरलेला उपाय असा की कार्ड केवळ वाचनीय करून टाकायचे. कार्यप्रणाली त्यावर काहीच लिहीत नाही, नोंदी फक्त स्मृतीत राहतात, मग वीज गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. दहा मिनिटांचे काम. बाबांचा डोळा लागलेला दिसला. दोन सतराला मी बोर्ड रीतसर बंद केला, कार्ड काढून लॅपटॉपमध्ये बदल केले आणि दोन अठ्ठावीसला बोर्ड पुन्हा चालू केला.

आई पावणेतीनला परतली आणि आतल्या खोलीत गेली. तिने मला हाक मारली नाही. थोड्या वेळाने मीच आत गेले, कारण फार वेळ कसलाच आवाज येत नव्हता.

त्यांचा अंगठा बटणावर होता. तो नेहमीच तिथे असे, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. त्या अकरा मिनिटांत त्यांनी मला बोलावले की नाही, हे सांगू शकणारी एकच वस्तू होती, आणि ती मी बंद करून ठेवली होती.

३

प्रयोगशाळेत ती ओळ दिसली तेव्हा माझा पहिला विचार भावनेचा नव्हता. सुटी पिन, असे मी म्हणाले आणि सौरवही तेच म्हणाला. ज्या पिनेला काही जोडलेले नसते ती हवेतला विद्युत गोंगाट पकडते. शेजारच्या कार्यशाळेत दुपारी मोठी यंत्रे सुरू होतात. कारण पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी मी बटणाची ती पिन एका रोधकाने विजेच्या बाजूला पक्की बांधून टाकली. आता तिच्यावर गोंगाट येण्याचा प्रश्न नव्हता. पावणेतीनच्या सुमारास पुन्हा ओळ आली. दाब: २.

तिसऱ्या दिवशी कार्डाची हुबेहूब प्रत काढली आणि पडताळणीचा आकडा दोन्हींवर चालवून पाहिला. एका बिटाचाही फरक नव्हता. ती प्रत त्याच बोर्डात घातली. अर्धा तास काही आले नाही. मूळ कार्ड दुसऱ्या बोर्डात घातले. काही नाही. मूळ कार्ड त्याच्या स्वतःच्या बोर्डात परत घातले आणि चार मिनिटांत ओळ आली.

"कनेक्टर ढिला असन," सौरव म्हणाला.

"दोन्ही वेळा तोच कनेक्टर आहे."

"मग बोर्डच फॉल्टी आहे. फेकून दे न. एका बोर्डासाठी काहून जीव काढून राहिली?"

मी त्याला वही दाखवली. डाव्या बाजूला बोर्डाची वेळ, उजव्या बाजूला भिंतीवरच्या घड्याळाची. त्याने दोन्ही रकाने वाचले, वही मिटून माझ्या हातात दिली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

दोन्ही रकान्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र त्या वहीत नव्हता. ओळ दर वेळी बोर्डाच्या निरनिराळ्या मिनिटाला येत होती. त्या अकरा मिनिटांत खरोखर घडून गेलेले काही असते, तर ते रोज एकाच मिनिटाला यायला हवे होते. भिंतीवरच्या घड्याळात मात्र ती नेहमी अडीच ते तीनच्या दरम्यानच येई. सकाळी बोर्ड चालवला तर काहीच येत नसे. हे मला दुसऱ्याच दिवशी दिसले होते. मी ते लिहिले नाही. दोन वर्षांच्या कामात जाणूनबुजून न लिहिलेली ती एकच गोष्ट.

४

दोनदा म्हणजे ये.

मी रोज दुपारी अडीचला बोर्ड सुरू करू लागले. दोन सतरा व्हायचे. कार्डावर काहीही लिहिले जात नसल्यामुळे तो दर वेळी त्याच मिनिटात जागा व्हायचा. मागच्या दुपारचे त्याला काही ठाऊक नसायचे. मी खुर्ची ओढून समोर बसायचे. त्याच्या वेळेप्रमाणे धंतोलीच्या आतल्या खोलीत या क्षणी पंखा चालू होता, खिडकीला ओला पंचा टांगलेला होता आणि कॉटवर एक माणूस श्वास घेत होता. हे केवळ एका फाइलीतला आकडा आहे, हे मला माहीत होते. ती फाइल मीच लिहिली होती.

ओळ उमटली की मी ती वहीत उतरवायचे. त्यांनी बोलावले होते तर. मी आठ पावलांवर होते, कार्ड साफ करत.

एकदा मी घरून ते उलटे बटण आणले, बोर्डाला जोडले आणि ओळ आल्याबरोबर दाबले. त्या बटणाचा दिवा ज्या ठोकळ्यावर लागायचा तो ठोकळा इथे नव्हताच. तेरवी झाल्यावर आई भिवापूरला परत गेली, तेव्हा तिने केबल कापून तो सोबत नेला होता. कशाला नेते, असे मी विचारले नव्हते. पडद्यावर 'उत्तर दिले' अशी ओळ आली. पुढे काही नाही.

दोन सत्तावीस झाले की मी वीज काढून घ्यायचे. दोन अठ्ठावीसला त्या दिवशी मी बोर्ड पुन्हा चालू केला होता आणि त्यानंतर एकही दाब आला नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. त्या मिनिटापर्यंत जाण्याची माझी तयारी नव्हती.

शुक्रवारी चारुशीला मॅडमनी बोलावले. त्या माझ्या मार्गदर्शक.

"मिनल, अकराच बोर्डांवर नवी प्रणाली चढली आहे. बारावा?"

"त्यात एक दोष आहे, मॅडम. तपासते आहे."

"दोष कसला?"

"इनपुट नसताना नोंद होते."

त्यांनी चष्मा काढला. "सोमवारी कार्ड पुसून नवी प्रणाली चढवा. बोर्ड तरीही बिघडला तर बदलून घेऊ. तुम्ही इतक्या काळजीपूर्वक काम करता, मग एका बोर्डात अडकून का पडला आहात?"

मी होकार दिला. केबिनबाहेर आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये ऊन थेट आतपर्यंत आले होते. सोमवारी कार्ड पुसले की ती अकरा मिनिटे जगात कुठेच उरणार नव्हती. प्रत होती माझ्याकडे, तिच्यात एका बिटाचाही फरक नव्हता, आणि तिच्यात कुणी नव्हते.

५

त्याच दुपारी आईला फोन केला, स्पीकर लावून. बोर्ड समोर चालू होता. सौरव कूलरमध्ये पाणी ओतत होता.

"जेवली का वं?" आईने विचारले.

"हो. तू?"

"हाव. भांडे बी झाले. ऊन लई पडून राहिलं इकडे. मिरच्याचा ठसका अजून जात नाही घरातून, मागच्या खोलीत पोती ठेवले होते ना." ती थांबली. "तू कधी येशीन?"

"सोमवारी बोर्ड द्यायचे आहेत. मग बघते."

"हाव. काम कर आपलं."

मग ती गप्प झाली. फोन कानाला लावून गप्प बसण्याची तिची पद्धत आहे. ठेवायचे तिला सुचत नाही. त्या शांततेत मला पलीकडचा पंखा ऐकू येत होता. मग पंख्याच्या आवाजात आणखी एक आवाज आला. टक. टक.

पडद्यावर ओळ उमटली. १४:२३:४०. दाब: २.

मी उठून उभी राहिले. सौरवने बादली खाली ठेवली.

"आई, आता काय केलंस तू?"

"काही नाही वं."

"आवाज आला."

"ते बटन आहे ना, बाबाचं. ते दाबतो मी. भांडे झाले का बसतो जराशी अन् दाबतो."

"रोज?"

"हाव. रोजच."

"कितीदा दाबतेस?"

"दोनदा. मले तेवढंच समजते. दोनदा म्हणजे ये."

मी हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला. कापलेली केबल. सत्तर-ऐंशी किलोमीटर. पिन रोधकाने बांधलेली. यांतल्या कशाचाही कशाशी संबंध जुळत नव्हता, तरीही मला पहिल्यांदा जे वाटले ते भय नव्हते. बाबांनी मला बोलावले नव्हते. ते दाब त्यांचे नव्हतेच. माझी आई रोज दुपारी भांडी झाली की एकटी बसून मला बोलावत होती, आणि माझे काम मोडू नये म्हणून फोन करत नव्हती.

"मला फोन करायचास ना, आई. बटण कशाला दाबत बसायचं?"

तिने ठोकळा खाली ठेवला, तो आवाज आला. मग म्हणाली, "ये तू. भाजी आहे वांग्याची."

फोन ठेवल्यावर सौरव म्हणाला, "मीबी ऐकलं. टकटक." पडद्याकडे न पाहता त्याने बादली उचलली. "हा बोर्ड इथं नको ठेवू मिनल. तुले पाया पडतो."

मी मॅडमच्या केबिनमध्ये परत गेले आणि बारावा बोर्ड भिवापूरच्या जागेवर तपासण्याची परवानगी मागितली. दोन दिवस, त्या म्हणाल्या. मी नोंदवहीत सही केली.

६

शनिवारी उमरेडवरून एसटीने भिवापूरला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. आमचे घर गावाबाहेर आहे, पुढे एक खोली, मागे एक, वर टिनाचे छत. पुढच्या खोलीत बाबांची लोखंडी कॉट होती. तेरवीनंतर तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवल्याचे मला आठवत होते. आता ती अंथरलेली होती, चादर चारही बाजूंनी ताणून खोचलेली. उशीजवळ स्टुलावर पाण्याचा ग्लास, वर ताटली झाकलेली. ठोकळा भिंतीवर खिळ्याला टांगला होता, कॉटवर निजलेल्या माणसाचा डावा हात जिथे पोचेल तिथे. केबलची चार तुटकी टोके खाली लोंबत होती. मी ती हातात घेऊन पाहिली. तांबे काळवंडले होते.

"गादी काहून अंथरली?" मी तिच्याच बोलीत विचारले. घरी आले की मी तशीच बोलते.

"अशीच," ती म्हणाली. "रिकामी कॉट चांगली दिसत नाही."

जेवणे झाली. तिने भांडी घासली. मी दारात, चौकटीला पाठ लावून बसले. तिथे जरा वारा होता आणि विजेची वायर तिथपर्यंतच पुरत होती. बोर्ड मांडीजवळ ठेवला, लॅपटॉप उघडला. फोनवरून नेटवर्क द्यायची तयारी करून ठेवली होती. मनात असे ठरवले होते की आईसमोर एकदा हे घडू द्यायचे, तिला ओळ दाखवायची, तिला सांगायचे की तुझी हाक मला पोचते. मग नेटवर्क देऊन बोर्डाला आजच्या तारखेत आणायचे आणि सोमवारी कार्ड पुसायचे.

भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते. मी वीज दिली. २३ एप्रिल, दोन सतरा.

आई हात पुसत आली आणि कॉटच्या पायथ्याशी, जमिनीवर बसली. खिळ्यावरचा ठोकळा काढून तिने मांडीवर घेतला. पंखा फिरत होता. छताचे पत्रे उन्हाने मधूनच कडकन वाजत होते. मी तिला पडद्याकडे बघायला सांगितले.

तिने अंगठ्याने दाबले. टक. टक.

ओळ आली. दाब: २.

"बघ," मी म्हणाले. "मले समजते तू बोलावते त. रोज समजून राहिलं."

आईने ती ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. जरा ओशाळल्यासारखी दिसली ती.

"तुले नाही वं बाई," ती हळू म्हणाली. "त्याइले."

त्यांना, म्हणजे बाबांना. तिने ठोकळा चादरीच्या कडेवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले. लहान मुलीसारखी बसली होती. मी तिच्या हातांकडेच पाहत होते, म्हणून खात्रीने सांगते, ते हात मांडीतच होते.

टक. टक. टक.

ठोकळ्यावरचे बटण खाली जाऊन वर आले की नाही, ते मी पाहिले नाही. पडद्यावर ओळ होती. १४:२६:५१. दाब: ३.

"तीन काय असते?" आईने विचारले.

गेले काही दिवस मी ज्या एका गोष्टीसाठी त्या पडद्यासमोर बसत होते, ती समोर लिहिलेली होती, आणि वाचायला मला वेळ लागत होता. बोलावले नव्हते. काही हवे नव्हते. मी पलीकडच्या खोलीत आहे ना, एवढेच पाहायचे होते.

"काही नाही," मी म्हणाले. "असंच."

उलटे बटण माझ्या पिशवीत होते. मी ते काढले नाही. दोन सत्तावीस झाले. वीज काढायची ती हीच वेळ, आणि दुसऱ्या हाताशी फोन होता, एक बोट फिरवले की नेटवर्क मिळाले असते. मी दोन्हींपैकी काही केले नाही. सेकंद पडद्यावर मोजले जात होते. छताचे पत्रे वाजायचे थांबले होते.

दोन अठ्ठावीस.

चादरीच्या कडेवर ठोकळ्यातला हिरवा दिवा लागला.

त्याच्या चार तारा जमिनीवर लोंबत होत्या, कुठेही न जोडलेल्या. त्या दिव्याचा अर्थ एकच, ऐकले, आले. तो मी ठरवला होता. दिवा स्थिर होता, दुपारच्या उजेडात फिका, पण चादरीवर त्याचा हिरवा डाग दिसत होता.

"आई," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या मागे, दाराबाहेर, पायरीकडे कान लावून होती. मला काहीही ऐकू आले नव्हते. निदान मी तशी नोंद करीन. मग तिचा डावा हात उठला, घाई न करता, जसा चुलीपासून न वळता उठत असे, आणि तिने पदर डोक्यावर घेतला.

मी दारात बसले होते. पाय आवरून बाजूला सरकले.